टेंपो, पण तीनचाकी नव्हे

टेंपो म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा काय येतं? मला तरी भाजीचे क्रेट लादलेला, मागे 'आईचा आशीर्वाद' लिहिलेला टेंपोच आठवतो. त्यामुळे फुटबॉलच्या कॉमेंटरीत कुणी "आता यांनी टेंपो वाढवायला हवा" असं म्हटलं की मला क्षणभर गियर बदलल्याचा आवाज ऐकू येतो. :)

पण गंमत बाजूला ठेवू. गेले दोन-तीन महिने हा शब्द माझ्या डोक्यात घर करून बसलाय. त्याचं कारण आमच्या घरातलंच आहे, त्याकडे येतोच. आधी शब्दाकडे बघू. कारण मॅच संपल्यावर बाहेर पडणारा प्रत्येक जण "आज गेम फास्ट होता" किंवा "आज लई स्लो खेळले" असं अगदी खात्रीने सांगतो, पण म्हणजे नक्की काय फास्ट होतं असं विचारलं की गाडी अडते.

पहिलं उत्तर येतं ते पळण्याचं. जो जास्त पळतो तो फास्ट. पण मोठ्या सामन्यात मिडफिल्डला खेळणारा माणूस दहा-बारा किलोमीटर पळतोच. जो आपल्याला नुसता उभा असल्यासारखा वाटतो तोसुद्धा त्याच्या फार मागे नसतो. शिवाय माणूस कितीही पळाला तरी चेंडूपेक्षा जोरात पळू शकत नाही, आणि चेंडूला धाप लागत नाही. म्हणजे टेंपो पायांत शोधण्यापेक्षा चेंडूत शोधलेला बरा.

मग चेंडूला घड्याळ लावायचं. पण कसं? इथे पहिलीच अडचण म्हणजे मॅच नव्वद मिनिटांची नसतेच. थ्रो-इन, गोल किक, फाऊल, दुखापती, खेळाडू बदलणं, गोल झाल्यावरचा आनंदोत्सव हे सगळं वजा केलं की चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो साधारण पंचावन्न ते साठ मिनिटं. बाकी अर्धा तास आपण लोकांना बुटाच्या नाड्या बांधताना बघत असतो. नियम करणाऱ्यांनाही ही गोष्ट बरीच वर्षं खुपतेय. १९९२ साली सहकाऱ्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलकीपरने हातात घ्यायचा नाही असा नियम आला. त्याआधी एक-शून्यने पुढे असलेला संघ गोलकीपरशी चेंडूची देवाणघेवाण करत खुशाल वेळ काढायचा. २०१९ मध्ये गोल किकचा चेंडू पेनल्टी एरियाच्या आतच सहकाऱ्याला घेता येईल असं ठरलं. २०२२ च्या कतार वर्ल्डकपमध्ये वाया गेलेला वेळ मोजून परत द्यायला सुरुवात झाली, तेव्हा इंग्लंड-इराण मॅचच्या पहिल्या हाफलाच चौदा मिनिटं वाढवून मिळाली. आणि २०२५ पासून गोलकीपरने आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ चेंडू हातात धरून ठेवला तर समोरच्या संघाला थेट कॉर्नर! म्हणजे नियम बदलणाऱ्यांच्या दृष्टीने टेंपो म्हणजे थांबे कमी करणं. एस.टी.ची साधी गाडी आणि विनाथांबा गाडी यांत जो फरक, तो.

पण विनाथांबा गाडीसुद्धा रडतखडत जाऊ शकते. म्हणून दुसरं माप आलं. संघाकडे चेंडू असताना दर मिनिटाला किती पास होतात? यात 'चेंडू असताना' हे दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत. ते सोडले की काय होतं बघा. समजा साठ मिनिटं खेळ चालू होता. अ संघाकडे चेंडू चाळीस मिनिटं होता आणि त्यांनी सहाशे पास केले. ब संघाकडे वीस मिनिटं होता आणि त्यांनी तीनशे पास केले. टीव्हीवर आकडे येतात सहाशे आणि तीनशे, आणि आपण म्हणतो, अ संघाचा टेंपो दुप्पट! भागाकार करून बघा. दोघांचेही मिनिटाला पंधराच पास. अ संघाकडे चेंडू जास्त वेळ होता, इतकंच.

बरं, मिनिटाला पास जास्त म्हणजे खेळ पुढे सरकतोय असंही नाही. १ जुलै २०१८ ला मॉस्कोत स्पेनने रशियाविरुद्ध हजाराहून जास्त पास केले. मॅच १-१ अशी सुटली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये स्पेन बाहेर. चार वर्षांनी ६ डिसेंबर २०२२ ला मोरोक्कोविरुद्ध पुन्हा तीच कथा. पुन्हा हजार पास, एकही गोल नाही, पुन्हा पेनल्टी आणि पुन्हा घरी. चेंडू अखंड फिरत होता, पण आमच्या आजीच्या जात्यासारखा, जागच्या जागी. आणि त्याच्या पाचच दिवस आधी याच स्पेनला जपानने २-१ असं हरवलं होतं. त्या मॅचमध्ये जपानकडे चेंडू होता अठरा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शंभरातले ऐंशीहून जास्त भाग स्पेनकडे. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला जपानने तीन-चार मिनिटांत दोन गोल टाकले, आणि उरलेला वेळ ते स्पेनला जातं फिरवू देत राहिले.

म्हणून तिसरं माप. चेंडू समोरच्या गोलच्या दिशेने सेकंदाला किती मीटर सरकला? आडवे पास इथे शून्य. वीस सेकंदांत चाळीस मीटर पुढे गेलात तर वेग सेकंदाला दोन मीटर. याने जपानसारख्या संघाचा हिशेब बरोबर लागतो. पण मग प्रत्येक वेळी गोलकीपरने लांब लाथ हाणणारा संघ जगात सर्वांत फास्ट ठरेल, आणि तो चेंडू दहा वेळा समोरच्यांच्या डोक्यावर पडला याची नोंद त्या आकड्यात कुठेच नसेल.

चौथं माप तर उलट्या बाजूने मोजतं. पीपीडीए म्हणतात त्याला. समोरच्या संघाला तुम्ही सरासरी किती पास करू देता आणि मग त्यांच्यावर झडप घालता? आकडा जितका लहान तितकी तुमची घाई जास्त. मला हे माप आवडतं, कारण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते की टेंपो एकट्याचा नसतो. समोरचा अंगावर आला तर तुम्हाला घाई करावीच लागते, तो मागे बसून राहिला तर तुम्हाला हवा तेवढा वेळ आहे.

मोजण्याचा हा नाद कॉम्प्युटरबरोबर आला असं वाटेल, पण तसं नाही. इंग्लंडच्या रॉयल एअर फोर्समध्ये हिशेबाचं काम बघणारे चार्ल्स रीप नावाचे एक अधिकारी होते. १८ मार्च १९५० ला स्विंडन टाऊनची मॅच बघताना त्यांनी हाफटाईमला वही-पेन्सिल काढली आणि चेंडूच्या प्रत्येक हालचालीची नोंद घ्यायला सुरुवात केली. पुढे कित्येक वर्षं ते हेच करत राहिले. १९६८ मध्ये एका संख्याशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन त्यांनी शोधनिबंधही लिहिला. त्यांना आढळलं की बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांनंतर होतात. यावरून त्यांचा निष्कर्ष असा की उगाच पास कशाला करत बसता, चेंडू लवकरात लवकर पुढे हाणा. इंग्लंडमध्ये हा विचार पुढे बराच रुजला.

नोंदी खऱ्या, बेरीजही बरोबर. मग चुकलं कुठे? तर मुळात फुटबॉलमधल्या बहुतेक चालीच तीन पासांच्या आत संपतात, कारण चेंडू जातो! मग बहुतेक गोलही त्याच गटातून येणार. आपल्या गावात बहुतेक अपघात दुचाकीचे होतात कारण रस्त्यावर बहुतेक दुचाकीच असतात, तसं. २००५ मध्ये ह्यूज आणि फ्रँक्स या दोन अभ्यासकांनी १९९० आणि १९९४ च्या वर्ल्डकपचे सामने घेऊन हिशेब पुन्हा मांडला. एकूण गोल किती यापेक्षा, त्या लांबीच्या हजार चालींमागे गोल किती, असं पाहिलं. तेव्हा लांब चालींचं पारडं जड निघालं. तीच वही, फक्त भागायचं कशाने ते बदललं. रीपसाहेबांच्या चिकाटीबद्दल मला आदरच आहे, पण 'लवकर' आणि 'चांगलं' हे दोन वेगळे रकाने आहेत आणि ते एकात टाकले की पिढ्यान् पिढ्या चुकीचं शिकवलं जाऊ शकतं, हे मला त्यांच्या गोष्टीतून पटलं.

आता एवढी मापं झाली, तरी टेंपो त्यात पूर्ण सापडला असं मला वाटत नाही. ही सगळी मापं शेवटी सरासरी काढतात. तबल्याची साथ ऐकताना आपण 'मिनिटाला किती बोल वाजले' असं मोजतो का? ठेका संथ चाललेला असतो, मध्येच वाजवणारा दुगुण करतो, चौगुण करतो, आणि पुन्हा ठायीत येऊन समेवर पडतो. मजा त्या बदलात असते. सरासरी काढली तर तो बदलच पुसला जातो.

फुटबॉलमध्ये हे मला सर्वांत स्वच्छ दिसलं ते अर्जेंटिनाच्या हुआन रोमान रिकेल्मेत. २००६ चा जर्मनीतला वर्ल्डकप ज्यांनी बघितला असेल त्यांना आठवेल. उंच, जरा उदास चेहऱ्याचा, आणि चेंडू आला की सगळं मैदान थांबल्यासारखं करणारा माणूस. स्पॅनिश बोलणारे लोक या थांबण्याला 'पाउसा' म्हणतात. नुसता थांबणारा खेळाडू आणि पाउसा घेणारा खेळाडू यांत फरक हा, की दुसरा कशाची तरी वाट बघत असतो. सहकारी मोकळ्या जागेत पोचायला अजून एक सेकंद लागणार आहे, म्हणून तो सेकंद तो आपल्या पायाशी धरून ठेवतो. १६ जून २००६ ला सर्बिया-मॉन्टेनेग्रोविरुद्धचा कांबियासोचा गोल जुन्या व्हिडिओत मिळाला तर जरूर बघा. वीसहून जास्त पास झालेत. सुरुवातीचे पास इतके आरामात की माणूस चहा टाकून येईल. आणि शेवटी क्रेस्पोची टाच लागते तेव्हा सगळं एवढ्या झटपट होतं की बचाव करणाऱ्याला मान वळवायलाही वेळ मिळत नाही. सगळी चाल संथ असती तर गोल झाला नसता. सगळी वेगात असती तर चेंडू पाचव्या पासालाच गेला असता.

पुढे ३० जूनला बर्लिनला क्वार्टर फायनल, समोर यजमान जर्मनी. आयालाच्या हेडरने अर्जेंटिना १-० ने पुढे. बहात्तराव्या मिनिटाला कोच पेकरमान यांनी रिकेल्मेला बाहेर काढलं आणि कांबियासोला आत घेतलं. ऐंशीव्या मिनिटाला क्लोसेने बरोबरी केली. मग एक्स्ट्रा टाईम, मग पेनल्टी, आणि अर्जेंटिना घरी. एकोणीस वर्षांचा मेसी शेवटपर्यंत बाकावर बसून होता. आता रिकेल्मेला काढलं म्हणूनच हरले, असं मी म्हणणार नाही. त्याच सुमारास त्यांचा गोलकीपर जखमी होऊन बदलावा लागला होता आणि जर्मनीही जीव तोडून खेळत होती. पण त्यानंतर चेंडू पायाशी धरून "थांबा जरा" म्हणणारं तिथे कुणी उरलं नव्हतं, एवढं मात्र माझ्यासारख्या टीव्हीसमोर बसलेल्या माणसालाही दिसलं.

तर आता घरातली गोष्ट.

माझी पुतणी कोल्हापुरात राहते, तेरा वर्षांची आहे आणि मिडफिल्डला खेळते. कोल्हापूरचं फुटबॉल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, की तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींची मॅच असली की शाहू स्टेडियमवर माणसं कामं टाकून जातात. आमच्या घरात तीन पिढ्या हा खेळ बघितला गेलाय. त्यामुळे पोरगी खेळायला लागली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आईला झाला. पण यंदा हंगामाच्या शेवटी तिच्या सरांनी दादाला सांगितलं, "खेळ चांगला आहे, पण स्लो आहे. वरच्या गटात घ्यायचं का नाही ते बघू." दादा तसा विसरून गेला. ती विसरली नाही. रात्री मला फोन करून म्हणाली, "काका, मी शंभर मीटरमध्ये टीममधे दुसरी येते. मग स्लो म्हणजे काय? सोडू का खेळणं?"

याला काय उत्तर देणार? "नाही गं, तू छान खेळतेस" हे काकाचं उत्तर झालं. तिला ते नको होतं. तिने विचारलं होतं की स्लो म्हणजे काय.

दादाने मोबाईलवर दोन मॅचेस जवळजवळ पूर्ण घेतल्या होत्या. मी त्या मागवल्या आणि दोन रविवार वही घेऊन बसलो. चेंडू तिच्याकडे किती वेळा आला, प्रत्येक वेळी किती टच, किती सेकंद, आणि चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा: तिने ज्या मुलीला पास दिला तिला पुढे खेळायला जागा मिळाली की नाही. बायको म्हणाली, ऑफिसच्या एक्सेलने पोट भरलं नाही का. असो.

दोन मॅचमध्ये मिळून चेंडू तिच्याकडे त्रेचाळीस वेळा आला. त्यातल्या एकोणतीस वेळा तिने एक किंवा दोन टचमध्ये पुढे दिला. म्हणजे स्लो नाही. उरलेल्या चौदा वेळा तिने तीन-चार सेकंद धरून ठेवला. या चौदातल्या नऊ वेळा ती पंखावरच्या मुलीच्या धावेसाठी थांबली होती आणि पास नेमका तिच्यापुढच्या मोकळ्या जागेत गेला. दोनदा फाऊल मिळाला. आणि तीनदा चेंडू गेला. हे तिन्ही वेळा आपल्याच हाफमध्ये, पाठीमागून कुणी येतंय हे न बघता.

दोन मॅच म्हणजे काही अभ्यास नव्हे, आणि मोजणारा सख्खा काका. पण तरी वही घेऊन दादाबरोबर सरांना भेटायला गेलो. त्यांनी शांतपणे सगळं बघितलं. म्हणाले, "तुमची वही बरोबर असंल. पण मला बाहेरनं ते तीन गेलेले बॉल दिसतात. त्यातल्या एकावर गोल बसला आमच्यावर." हे खरं होतं. मी म्हटलं, "सर, ते नऊ पण बघा की." ते पुन्हा वहीकडे बघत बसले. मग त्यांनी पुतणीला हाक मारली आणि मैदानाच्या मधल्या रेषेवर नेऊन उभं केलं. "या रेषेच्या मागं दोन टच. तिसरा लावलास तर बाहेर काढणार. रेषेच्या पुढं काय थांबायचं ते थांब."

रीपसाहेब ऐकत असते तर त्यांनी वहीत काय लिहिलं असतं कोण जाणे. पण मी एवढ्या मापांमागे लागून जे शोधत होतो ते सरांनी चुन्याच्या एका रेषेवर आणून ठेवलं. कुठे घाई करायची आणि कुठे थांबायचं हे ज्याला ठरवता येतं, त्याच्याकडे टेंपो आहे. आणि स्लो हा शब्द लहान मुलाच्या कपाळावर चिकटवण्याआधी निदान चौथा रकाना भरून बघायला हवा. वेगात पळणारं पोर सगळ्यांनाच दिसतं. दुसऱ्याला वेळ मिळवून देणारं पोर दिसण्यासाठी चेंडू गेल्यानंतरही दोन सेकंद तिकडेच बघत राहावं लागतं, आणि आपली नजर तोवर चेंडूमागे पळालेली असते.

वरच्या गटात तिला घेतलंय, पण राखीव म्हणून. तक्रार नाही. त्या तीन चेंडूंचा हिशेब तिला द्यायचाच आहे. फोनवर मी तिला मापांची सगळी यादी सांगितली तेव्हा ती निम्म्यातच कंटाळली. रिकेल्मेचा व्हिडिओ मात्र तीनदा बघितला म्हणाली. "हा तर माझ्यापेक्षा स्लो आहे काका!"

पुढच्या महिन्यात तिच्या मॅचेस सुरू होतायत. कोल्हापुरातल्या आत्या, मामा, सगळ्या भावंडांना आग्रहाचं आमंत्रण. डबे आणा, छत्र्या आणा, हवा तेवढा गोंधळ घाला. फक्त मधल्या रेषेच्या पुढे तिच्या पायात चेंडू असला आणि ती थांबलेली दिसली, तर कृपा करून गॅलरीतून "पळ की गं!" असं ओरडू नका. पंखावर कोण पळतंय तिकडे बघा.